प्रतिसरकारातील पदनामे आणि जबाबदारीची वाटणी

१

ज्या कारभारात वेतन नाही, नेमणुकीचा हुकूम नाही, बढती नाही आणि बडतर्फीही नाही, त्या कारभारात कामाची वाटणी कशाच्या आधारे होते, हा प्रश्न जसा राज्यशास्त्राचा तसा भाषाभ्यासाचाही आहे. पगारी अधिकाऱ्याच्या अधिकाराची सीमा त्याच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेली असते. स्वयंसेवकाजवळ असा कागद नसतो. लोक त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, त्याच्या कामाला कोणता शब्द लावतात आणि त्याने केलेल्या कृत्याचे वर्णन कोणत्या वाक्यरचनेने करतात, ह्यांवरूनच त्याचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून स्वयंसेवी कारभारातील पदनामांकडे केवळ ऐतिहासिक तपशील म्हणून पाहणे पुरेसे नाही. ती नावे हाच त्या कारभाराचा घटनात्मक मजकूर असतो.

ह्या प्रश्नाच्या विचारासाठी सातारा जिल्ह्यात १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललेल्या प्रतिसरकारासारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके व शिराळ्याचा भाग समाविष्ट होता. सांगली, मिरज, औंध ही संस्थाने त्यात जागोजागी मिसळलेली होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ज्या प्रदेशास येथे ‘सातारा’ म्हटले आहे तो आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा प्रदेश समजावा.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तालुका कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे मेली. त्यानंतर उघड चळवळ अशक्य झाली व कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ च्या मध्यापासून त्यांनी गावोगाव तंटे सोडविणे, गुंडांचा व दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे, सावकारांच्या जाचाला आळा घालणे, दारूबंदी, वाचनालये आणि थोड्या खर्चात होणारी ‘गांधी-लग्ने’ अशी कामे हाती घेतली. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि हा कारभार संपला. ह्या इतिहासाची रूपरेषा सर्वपरिचित आहे. त्याचे वर्णन ज्या भाषेत झाले व होत आहे, तिची तपासणी मात्र अपुरी आहे.

२

प्रथम ह्या सरकारच्या नावाचाच विचार केला पाहिजे. ग्रंथांत ‘प्रतिसरकार’ आणि लोकांच्या तोंडी ‘पत्रीसरकार’ अशी दोन नावे आजही नांदत आहेत. दुसरे नाव पहिल्याचा अपभ्रंश होय, एवढे सांगून बहुतेक लेखक पुढे जातात. भाषाभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही.

‘प्रति’ हा उपसर्ग मराठीत तीन अर्थांनी येतो. ‘प्रतिपक्ष’, ‘प्रतिकार’ ह्यांत विरोध आहे. ‘प्रतिनिधी’, ‘प्रतिमा’ ह्यांत एकाच्या जागी दुसरे उभे राहणे आहे. ‘प्रतिदिन’ ह्यात आवृत्ती आहे. ‘प्रतिसरकार’ ह्या शब्दात पहिले दोन्ही अर्थ एकदम वावरतात. ब्रिटिश सरकारच्या विरुद्ध असलेले ते सरकार, आणि ब्रिटिश सरकारच्या जागी उभे राहिलेलेही सरकार. पहिल्या अर्थाने त्याचे कार्य प्रतिकाराचे आहे व ते सैनिकाचे काम आहे. दुसऱ्या अर्थाने त्याचे कार्य कारभाराचे आहे व ते पंचाचे काम आहे. ज्या परिसरात औंधच्या संस्थानिकांचे उपपदच ‘पंतप्रतिनिधी’ होते, तेथे ‘प्रति’चा दुसरा अर्थ लोकांना अपरिचित असणे संभवत नाही. इंग्रजी लेखनातील शब्द पुन्हा मराठीत आणून ‘समांतर सरकार’ असा जो पर्याय अलीकडे वापरला जातो, त्यात हे दोन्ही अर्थ लोपतात. समांतर रेषा एकमेकींना विरोधही करीत नाहीत आणि एकमेकींची जागाही घेत नाहीत.

आता ‘पत्री’. सातारा-सांगलीकडील ग्रामीण बोलीत शब्दारंभीचे ‘प्र’ हे जोडाक्षर सामान्यतः स्वरभक्तीने फोडले जाते. ‘प्रकार’चे ‘परकार’ होते, ‘प्रसाद’चे ‘परसाद’ होते. त्या नियमाने ‘प्रतिसरकार’चे ‘परतीसरकार’ व्हावयास हवे होते. ते झाले नाही. रकार पुढे सरकून ‘त’ला जोडला गेला व ‘पत्री’ झाले. वर्णविपर्यय मराठीला नवा नाही. ‘चिकटणे’ व ‘चिटकणे’, ‘नुकसान’ व ‘नुस्कान’ ही त्याची नित्याची उदाहरणे होत. परंतु स्वरभक्तीची सोपी वाट उपलब्ध असताना बोलीने विपर्ययाची वाट का धरली, ह्याचे उत्तर ध्वनिविचारात सापडत नाही. ते अर्थात सापडते. बैलाच्या खुरांना ठोकतात ती ‘पत्री’ शेतकऱ्याच्या रोजच्या परिचयाची वस्तू होती. प्रतिसरकारकडून अपराध्याच्या तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा दिली जाई आणि तिच्यावरून ‘पायाला पत्री ठोकतात’ असा समज सर्वत्र पसरला. ह्या समजाने शब्दाला आपल्याकडे ओढून घेतले. भाषाशास्त्र ज्याला लोकव्युत्पत्ती म्हणते त्याचा हा नमुना आहे.

ह्या रूपांतराने व्याकरणातही एक बदल घडविला. ‘प्रति’ हा उपसर्ग आहे. त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही. ‘पत्री’ हे नाम आहे. ‘प्रतिसरकार’ म्हणताना सरकारचे नाते दुसऱ्या सरकारशी सांगितले जाते. ‘पत्रीसरकार’ म्हणताना त्याचे नाते शिक्षेच्या साधनाशी सांगितले जाते. ज्या कारभाराने तंटे तोडले, लग्ने लावली, वाचनालये काढली, तो लोकांच्या तोंडी त्याच्या दंडाच्या नावाने ओळखला गेला. ह्यात लोकांचा अन्याय आहे असे म्हणून चालणार नाही. अनेक कामांपैकी कोणते काम त्यांना कारभाराचे मुख्य लक्षण वाटले, ह्याची ती साक्ष आहे. निवाडा करणे आणि शिक्षा देणे ह्या दोन कामांची वाटणी लोकांना कितपत दिसत होती, हा प्रश्न ह्या एका शब्दातून उभा राहतो.

३

प्रतिसरकारातील पदनामे व संस्थानामे एकत्र मांडली असता त्यांचे तीन थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर काँग्रेसच्या चळवळीतून आलेला. ‘स्वयंसेवक’, ‘कार्यकर्ता’ आणि ‘डिक्टेटर’ हे शब्द त्यातले. ‘डिक्टेटर’ हा शब्द आज कानाला खटकतो. परंतु १९३० च्या कायदेभंगात काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरल्या, तेव्हा समितीचे सर्व अधिकार एका व्यक्तीकडे द्यावयाचे आणि तिला अटक झाली की दुसरीने ती जागा घ्यावयाची, अशी पद्धत देशभर रूढ झाली. त्या व्यक्तीला डिक्टेटर म्हणत. सातारच्या भूमिगत संघटनेने तो शब्द पुढे चालविला. त्याचा रोख अधिकाराच्या विस्तारापेक्षा उत्तराधिकारावर होता. माणूस पकडला गेला तरी जागा रिकामी राहू नये, एवढाच त्याचा मूळ हेतू. पण शब्दाची गंमत अशी की, त्यात अधिकार कोणाला हे सांगितले आहे. अधिकार कशापुरता हे सांगितलेले नाही.

दुसरा थर लष्करी. ‘तुफान सेना’ ह्या नावातील पहिला शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन घरचा झालेला, दुसरा संस्कृत. तिच्यातील पदे मात्र इंग्रजी होती. जी. डी. बापू लाड हे ‘फील्ड मार्शल’ म्हणून आणि रामचंद्र लाड हे ‘कॅप्टन’ म्हणून ओळखले गेले. सातारा हा लष्करभरतीचा जिल्हा. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे शब्द तेथे घरोघर माहीत होते, आणि ते मराठ्यांच्या राज्यकारभारातूनही चालत आलेले होते. तरीही ठळकपणे पुढे आली ती पदे ‘कॅप्टन’ आणि ‘फील्ड मार्शल’ ही. शेतकऱ्याच्या मुलाला ब्रिटिश फौजेत साधारणतः सुभेदारीपर्यंत चढता येई. कॅप्टनपद हे बादशाही सनदेचे असून ते बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेले होते. जे पद साम्राज्याने वर ठेवले होते, तेच कुंडलच्या तरुणांनी स्वतःस लावले. पदनामाच्या निवडीतच ‘प्रति’चा दुसरा अर्थ, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहणे, प्रत्यक्षात आला.

तिसरा थर गावगाड्याचा. ‘पंच’, ‘गावसमिती’, ‘न्यायदान मंडळ’ हे शब्द ह्यातले. ‘न्यायदान’ हा समास लक्षात घेण्याजोगा आहे. ‘अन्नदान’, ‘मतदान’, ‘श्रमदान’ ह्यांच्याच जातीचा तो आहे. न्याय ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हे, देणाऱ्याने मोबदल्याविना द्यावयाची गोष्ट आहे, ही छटा त्यात आहे. कोर्टात वकिलाची फी व मुद्रांकाचा खर्च सोसलेल्या शेतकऱ्याला ती छटा सहज कळली असेल. आणि ‘मंडळ’ हा शब्द समूहवाचक आहे. निवाडा एका माणसाचा नसून मंडळाचा आहे, असे तो सांगतो. इंग्रजी लेखनात ह्या मंडळांना लोकांची न्यायालये असे म्हटले जाते, आणि त्यावरून मराठीत कोणी ‘लोकन्यायालय’ असे भाषांतर करतात. १९८७ च्या कायद्यानंतर त्या शब्दाला दुसराच निश्चित अर्थ आला आहे. शिवाय न्यायालय ही जागा आहे आणि मंडळ ही माणसे आहेत, हा भेदही त्या भाषांतरात बुजतो. भूमिगत कारभाराला ठरलेली जागा नव्हती. त्याला फक्त माणसे होती.

ह्या तीन थरांत जबाबदारीची तीन भिन्न तत्त्वे आहेत. डिक्टेटर आपल्या वरच्या संघटनेला जबाबदार असतो. कॅप्टन आपल्या वरिष्ठाला जबाबदार असतो. पंच गावाला जबाबदार असतो. जोपर्यंत ही माणसे वेगळी आणि त्यांची कामे वेगळी, तोपर्यंत तीन तत्त्वे शेजारी शेजारी नांदू शकतात. एकाच माणसावर दोन किंवा तिन्ही नावे बसली, तर त्याने अमुक कृत्य कोणत्या नात्याने केले आणि त्याचा जाब कोणी विचारावयाचा, हे ठरविण्यास भाषेत काहीच साधन उरत नाही.

४

पदनामे अशी होती. प्रत्यक्ष संबोधने मात्र निराळीच होती. नाना, बापू, अण्णा, दादा, भाऊ ही नातेवाचक नावे, आणि मास्तर, गुरुजी ही शाळेतील नावे. नाना पाटील, जी. डी. बापू, नागनाथअण्णा, वसंतदादा, पांडू मास्तर, बर्डे गुरुजी ही नावे घेतली की चळवळीचा अर्धा नकाशा डोळ्यांपुढे येतो. रामचंद्र लाड ह्यांना तर ‘कॅप्टन भाऊ’ असेच म्हणत. ह्या दोन शब्दांत अधिकाराची दोन उगमस्थाने एकत्र आली आहेत. पद फौजेचे आणि मान घरचा.

ही संबोधने केवळ जिव्हाळ्याची चिन्हे नव्हेत. पश्चिम महाराष्ट्रातील कुटुंबात दादा किंवा अण्णा ह्यांचा शब्द मोडत नाहीत. तो का पाळला असेही विचारीत नाहीत. गुरुजींच्या बाबतीत तीच गोष्ट. स्वयंसेवी संघटनेला पगाराचा धाक नसतो आणि बडतर्फीचा धाक नसतो. अशा वेळी आज्ञापालन कशाच्या बळावर मिळवावयाचे, ह्या अडचणीचे उत्तर ह्या संबोधनांनी दिले. ते समर्थ उत्तर होते. फितुरीला बक्षिसे लागलेली असताना ही माणसे वर्षानुवर्षे गावांत सुरक्षित राहिली, ह्याचे एक कारण ती गावाची ‘अण्णा’ आणि ‘बापू’ झाली होती, हे नाकारता येत नाही.

परंतु त्या बळाची दुसरी बाजूही आहे. पदाची मुदत संपते, नात्याची संपत नाही. पदाचा राजीनामा घेता येतो, भाऊपणाचा घेता येत नाही. आणि पदाधिकाऱ्याला जाब विचारणे हा रिवाज असतो, तर वडिलधाऱ्याला जाब विचारणे हा उद्धटपणा ठरतो. नातेवाचक संबोधन आज्ञापालन सोपे करते आणि हिशेब मागणे अवघड करते. पुढील काळात ह्याच प्रदेशातील सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था आणि पक्षसंघटना ह्यांनी ‘दादा’, ‘अण्णा’, ‘आबा’ ही संबोधने जशीच्या तशी चालविली. तेथे पगारही होते, नियमही होते आणि तरीही संबोधनाने आणलेला संकोच टिकून राहिला. हा वारसा केवळ प्रतिसरकारचा नव्हे. पण प्रतिसरकारने त्याला त्यागाची प्रतिष्ठा दिली, आणि प्रतिष्ठा मिळालेल्या संकोचाविषयी बोलणे अधिकच कठीण असते.

५

तुलनेसाठी दोन उदाहरणे घेता येतील. एक शेजारचे, एक दूरचे.

शेजारचे उदाहरण औंधचे. १९३९ च्या आरंभी भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानात स्वराज्याची घटना लागू केली. ती महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झाली. अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच भारतानंद, ह्यांचा तीत मोठा वाटा होता. गावाने निवडलेली पाच जणांची पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती आणि तिच्यावर विधिमंडळ, अशी ती रचना होती. पंचायतीच्या पंचालाही पगार नव्हता, म्हणजे तोही एका अर्थी स्वयंसेवकच. परंतु त्याचे काम काय, त्याला निवडले कोणी आणि त्याच्या वर कोण, हे लिहिलेले होते. तुफान सेनेचे केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानातील गाव. भूमिगतांना औंधने आश्रय दिला हे इतिहासकार सांगतात. पण एकाच भूमीवर लिखित स्वयंसेवी कारभार आणि अलिखित स्वयंसेवी कारभार एकाच वेळी चालू होते, ह्या गोष्टीचे महत्त्व कोणी फारसे विचारात घेतलेले दिसत नाही.

दूरचे उदाहरण बंगालमधील तामलुकचे. १७ डिसेंबर १९४२ रोजी तेथे ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ स्थापन झाले व ते १९४४ पर्यंत चालले. त्याच्या प्रमुखाला ‘सर्वाधिनायक’ म्हणत. ते पद प्रथम सतीशचंद्र सामंत ह्यांच्याकडे होते आणि त्यांच्या अटकेनंतर अजय मुखर्जी ह्यांच्याकडे आले. न्याय, आरोग्य, शिक्षण, शेती अशी खाती वेगळी होती. ‘विद्युत् वाहिनी’ हे दल निराळे होते, आणि स्त्रियांच्या दलाला ‘भगिनी सेना’ हे स्वतंत्र नाव होते. ‘सर्वाधिनायक’ हे ‘डिक्टेटर’चेच संस्कृत रूप होय. तथापि तेथे एका पदाच्या भोवती इतर पदांची चौकट होती, आणि पद एकाकडून दुसऱ्याकडे गेले तरी त्याचे नाव तेच राहिले.

साताऱ्यातील रचना अशी नव्हती. तेथे कामाची वाटणी खात्यांनुसार होण्यापेक्षा गटांनुसार झाली. कुंडलचा गट, वाळव्याचा गट असे प्रदेश आणि माणसे ह्यांवरून गट ओळखले जात. प्रत्येक गट आपल्या प्रदेशातील बहुतेक सर्व कामे पाही. ह्या रचनेचा लाभ उघड आहे. एका गटावर घाला पडला तरी बाकीचे चालू राहत. तामलुकपेक्षा साताऱ्याचा कारभार दीर्घकाळ टिकला, ह्याचे एक कारण ह्या विकेंद्रित रचनेत आहे. तिचा तोटाही तेवढाच उघड आहे. सर्व कामे एकाच गटाकडे असली की शोध घेणारा, निवाडा देणारा आणि शिक्षा करणारा हे एकाच वर्तुळातील असतात.

असे असताना स्मरणिकांतून, गौरवलेखांतून आणि भाषणांतून प्रतिसरकारचे जे वर्णन केले जाते ते सचिवालयाच्या धर्तीवर असते. ‘न्यायखाते’, ‘संरक्षणखाते’, ‘प्रचारखाते’ अशी यादी मांडली की वर्णन पूर्ण झाले असे मानले जाते. गौरवाचा हेतू स्पष्ट आहे. आपले सरकार इंग्रजांच्या सरकारपेक्षा कमी नव्हते, हे दाखवावयाचे असते. परंतु ह्या भाषेने प्रतिसरकारला जे नव्हते ते बहाल केले जाते आणि जे होते ते झाकले जाते. खाते म्हटले की दप्तर आले, आणि दप्तर म्हटले की हिशेब आला. भूमिगत कारभाराला दप्तर ठेवणे परवडणारे नव्हते. प्रत्येक कागद हा पोलिसांच्या हाती पडू शकणारा पुरावा होता. नाना पाटील हे १९३० मध्ये राजीनामा देईपर्यंत तलाठी होते. दप्तराची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळली असेल? तरीही त्यांच्या सरकारला दप्तराविना चालावे लागले. हीच त्या कारभाराची खरी अडचण होती आणि तिच्यावर त्याने कशी मात केली हाच अभ्यासाचा विषय आहे. खात्यांच्या यादीत तो विषय हरवतो.

६

ह्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न न्याय आणि शिक्षा ह्यांच्या वाटणीचा आहे, आणि त्याची साक्ष वाक्यरचनेत सापडते.

मराठीत सकर्मक क्रियेचा भूतकाळ सांगताना कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय लागतो. ‘पंचांनी निवाडा दिला’ ह्या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे. तीच गोष्ट ‘निवाडा देण्यात आला’ असे म्हणून सांगता येते. तेथे कर्ता गळतो आणि वाक्य तरीही पूर्ण वाटते. ‘–ण्यात आले’ ही रचना कचेरीच्या मराठीत वाढली. हुकूम व्यक्तीचा नसून सरकारचा आहे, असे तिने सुचविले जाते. प्रतिसरकारविषयीच्या लेखनात ‘शिक्षा करण्यात आली’, ‘बंदोबस्त करण्यात आला’ ही वाक्ये नित्याची आहेत. ज्या सरकारला कचेरी नव्हती त्याच्या वर्णनासाठी कचेरीचीच रचना वापरली जावी, हे आश्चर्यकारक आहे. कर्ता सांगितलाच तर तो पुष्कळदा ‘आम्ही’ असतो. मराठीत ‘आपण’ ह्या सर्वनामात ऐकणाराही येतो. ‘आम्ही’त तो येत नाही. पण त्या ‘आम्ही’त नेमके कोण येतात, मंडळ की सेना, गाव की गट, हे ते सर्वनाम सांगत नाही.

ह्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो न्याय्य आहे. भूमिगत चळवळीत कर्त्याचे नाव घेणे म्हणजे त्याला फासावर किंवा तुरुंगात पाठविणे होते. कर्ता लपविणे हा तेव्हा कावा नव्हता, ते संरक्षण होते. १९४४ मधील बोलण्याविषयी हे पूर्णपणे मान्य केले पाहिजे. परंतु १९४६ मध्ये वॉरंटे मागे घेतली गेली. यशवंतराव चव्हाण ह्यांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ चे आहे, गेल ऑम्व्हेट ह्यांचा इंग्रजी निबंध १९८८ चा आहे आणि ए. बी. शिंदे ह्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९० चा आहे. ह्या काळापर्यंत संरक्षणाचे कारण संपलेले होते. ऑम्व्हेट ह्यांनी चळवळीच्या शेतकरी पायाकडे लक्ष वेधले आणि शिंदे ह्यांनी विषयाला ग्रंथाचे स्वरूप दिले. हे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांच्यानंतर झालेल्या मराठी लेखनाने त्यांच्याकडून माहिती घेतली, पण वाक्य मात्र स्मरणिकेचेच ठेवले. जे संरक्षण होते त्याची सवय झाली, आणि सवयीला लोक इतिहासाची भाषा समजू लागले.

जुन्या मराठी कागदपत्रांशी तुलना केली असता ही उणीव अधिक स्पष्ट होते. शिवकालीन व पेशवेकालीन गोतसभेचा निवाडा महजरावर लिहिला जाई. त्यावर हजर असलेल्यांची नावे असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या वृत्तीची निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगराची, बलुतेदारांची आपापल्या हत्याराची. त्या व्यवस्थेतील जातींची उतरंड कोणी आदर्श म्हणणार नाही. पण निवाड्याच्या वेळी कोण कोणत्या नात्याने बसले होते, हे तो कागद तीनशे वर्षांनंतरही सांगतो. निरक्षर माणसालाही त्यात कर्तेपण होते. प्रतिसरकारच्या निवाड्यांविषयी हे आज सांगता येत नाही. आणि म्हणून ज्यांना त्या निवाड्यांनी जमीन परत मिळाली त्यांची कृतज्ञता, आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांच्या घरांत राहिलेला सल, ही दोन्ही विशिष्ट माणसांकडे न जाता ‘पत्रीसरकार’ ह्या एका शब्दात साठून राहिली आहेत.

७

जबाबदारीच्या वाटणीचा आणखी एक भाग असा आहे की ज्याला पदनामच मिळाले नाही. भाकरी पोचविणे, निरोप नेणे, पाळत ठेवणे, हत्यारे लपविणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे झाली नसती तर कॅप्टन आणि डिक्टेटर आठवडाभरही टिकले नसते. गणपती बाळ यादव हे सायकलवरून व पायी निरोप आणि जेवण पोचवीत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील ह्यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्याबाहेर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग उभे केले. पोलीस ते भांडण सोडविण्यात गुंतले असता साथीदारांनी ठाण्यातील बंदुका नेल्या. पी. साईनाथ ह्यांनी अशा माणसांच्या तोंडून त्यांच्या हकिकती घेतल्या आणि २०२२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आणल्या, तेव्हा त्या व्यापक वाचकवर्गापर्यंत गेल्या.

हौसाताईंच्या कृत्याला पदनाम कोणते? सैनिकाचे म्हणावे तर त्यांच्या नावामागे कोणी कॅप्टन लावले नाही. मदतनिसाचे म्हणावे तर त्या दिवशीचे मुख्य काम त्यांचेच होते. तामलुकमध्ये ‘भगिनी सेना’ हे नाव तरी होते, जरी तेही नात्याचेच. साताऱ्यात स्त्रियांच्या वाट्याला आलेले काम बहुतेक ‘मदत केली’, ‘साथ दिली’ ह्या क्रियापदांत सांगितले जाते. ह्या क्रियापदांचे व्याकरणच असे आहे की त्यांना दुसरा मुख्य कर्ता लागतो. कोणाला तरी मदत, कोणाला तरी साथ. पदनाम नसले की काम घडूनही त्याचे कर्तेपण दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. शिक्षेच्या बाबतीत कर्ता गळाल्यामुळे जबाबदारी हरवते. सेवेच्या बाबतीत कर्ता गळाल्यामुळे श्रेय हरवते. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे.

८

ह्या विवेचनातून जे हाती येते ते थोडक्यात असे. प्रतिसरकारातील कामाची वाटणी पदांनी ठरलेली नव्हती. ती गट, विश्वास आणि संबोधन ह्यांनी ठरलेली होती. तिची पदनामे तीन भिन्न उगमांतून आली आणि प्रत्येक उगमाबरोबर जबाबदारीची निराळी कल्पना आली. जेथे ह्या कल्पना वेगळ्या माणसांत विभागल्या गेल्या तेथे कारभार निर्मळ राहण्यास वाव होता. जेथे त्या एकाच माणसात एकवटल्या तेथे निवाडा आणि शिक्षा ह्यांच्यातील अंतर मिटण्याचा धोका होता. लोकांनी ह्या कारभाराला दिलेले नाव त्या धोक्याची खूण आहे. खात्यांची यादी देऊन ती खूण पुसणे हा इतिहासाशी व्यवहार नव्हे. तो धोका असतानाही इतकी वर्षे हा कारभार लोकांच्या आधारावर चालला, हे सांगण्यानेच त्या कार्यकर्त्यांचा खरा गौरव होतो.

स्वयंसेवकाला मराठीने ‘कार्यकर्ता’ हा सुंदर शब्द दिला आहे. त्यात कार्य आहे आणि कर्ताही आहे. विनावेतन काम करणाऱ्या कोणत्याही मंडळाने, मग ते गावच्या यात्रेचे असो, ग्रंथालयाचे असो वा कोशाच्या संपादनाचे असो, आपल्या कामाची वाटणी पाहताना एक साधी कसोटी लावावी. प्रत्येक कामाचे वाक्य कर्त्यासह लिहिता येते काय? जे वाक्य ‘–ण्यात आले’ ह्याखेरीज लिहिता येत नाही, त्या कामाची वाटणी झालेली नाही असे खुशाल समजावे.

अभ्यासकांपुढील काम अधिक निकडीचे आहे. हौसाताई पाटील २०२१ मध्ये आणि कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये निवर्तले. प्रत्यक्ष साक्ष देणारी पिढी संपत आली आहे. ह्यापुढे उरणार आहेत त्या मुद्रित व ध्वनिमुद्रित आठवणी. त्यांतील माहिती वेचण्यापूर्वी त्यांतील क्रियापदे वेचली पाहिजेत. कोठे ‘मी’ आहे, कोठे ‘आम्ही’ आहे, कोठे कर्ता गळाला आहे, आणि कोणत्या प्रकारच्या कृत्याच्या वेळी तो गळाला आहे, ह्यांची गावनिहाय व गटनिहाय नोंद केली असता प्रतिसरकारच्या अंतर्गत रचनेचा असा आलेख मिळू शकेल की जो कोणत्याही दप्तरात नाही. वाळवा, तासगाव, खानापूर, कऱ्हाड आणि खटाव ह्या तालुक्यांतील बोली जाणणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम आजही करता येण्यासारखे आहे.